कापड किती घ्यावे?

काउंटरवर ताग्यामागून तागा उलगडला जातो, रंग पसंत पडतो, पोत हाताला गोड लागतो, भावही फार ताणून न धरता ठरतो. मग दुकानदार लोखंडी मीटर उचलून एकच प्रश्न विचारतो, "किती देऊ?" आणि वीस-वीस वर्षे संसार केलेली गृहिणी त्या प्रश्नाशी अडखळते. शिंप्याने सांगितलेला आकडा आठवावा, शेजारणीने मागच्या दिवाळीत किती घेतले होते ते आठवावे, की दुकानदारालाच विचारावे? बहुधा आपण शेवटचा मार्ग पत्करतो. आणि घरी आल्यावर एक तर हातभर तुकडा वाया जातो, नाही तर नेमके बाहीला कापड पुरत नाही.

यात कोणी फसवलेलेच असते असे नाही. शिंपी, शेजारीण आणि दुकानदार तिघेही खरेच सांगत असतात. पण प्रत्येकाच्या मनातले कापड वेगळे असते. ही गोष्ट मला एका झब्ब्याने शिकवली.

आमच्या मामंजींचे सहस्रचंद्रदर्शन होते. त्यांच्यासाठी टसरचा झब्बा शिवावा असे घरात ठरले. नेहमीच्या शिंप्याला विचारले तेव्हा त्यांनी मान वर न करता सांगितले, "वहिनी, सव्वादोन मीटर आणा." शहरात त्या आठवड्यात हातमागाचे प्रदर्शन भरले होते. तिथे मधाच्या रंगाचे सुरेख टसर मिळाले. सव्वादोन मीटर मोजून घेतले आणि मोठ्या समाधानाने शिंप्याकडे नेऊन दिले. त्यांनी घडी उलगडली, फीत आडवी लावली आणि म्हणाले, "वहिनी, पन्हा छत्तीसचा आहे. मी चव्वेचाळीसचा धरून सांगितले होते. पाठ-पोट निघेल, बाह्या निघणार नाहीत." प्रदर्शन आदल्याच दिवशी उठले होते. विणकर आपल्या गावी परतले होते. अखेर कडेच्या उरलेल्या पट्ट्या एकमेकींना जोडून बाह्या केल्या. दोन्ही बाह्यांवर खांद्यापासून मनगटापर्यंत उभा जोड आला. मामंजींनी तो झब्बा कौतुकाने घातला आणि जोडाबद्दल अवाक्षर काढले नाही. त्या दिवसाचे छायाचित्र आमच्या दिवाणखान्यात आहे. इतर कोणाच्या लक्षातही येत नाही, पण माझी दृष्टी पहिल्यांदा त्या बाहीवरच जाते.

चूक शिंप्याची नव्हती, विणकराचीही नव्हती. मी लांबी विचारली आणि पन्हा विचारला नाही.

विणकराचा हिशेब आणि आपला हिशेब

आपल्या आज्या-पणज्यांना हा प्रश्न फारसा पडत नसे, कारण त्यांच्या बहुतेक वस्त्रांचा हिशेब विणकरानेच करून ठेवलेला असे. लुगडे नऊ वारांचे विणले जाई, धोतर, उपरणे, पंचा आपापल्या मापाने मागावरून उतरे. गुळेदगुड्डचा खण घ्या. बेळगावकडील भगिनींना तो सांगायला नकोच. त्याचा पन्हा लहान, दोन्ही अंगांना काठ, आणि तुकडा एका चोळीच्या बेताचा. म्हणून तर 'खण' हे कापडाचेही नाव झाले आणि मापाचेही. मापे अंगावरचीच होती. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, म्हणजे सुमारे १८ इंच. दोन वितींचा हात, दोन हातांचा वार.

पुढे गिरणीचे ताग्याचे कापड आले आणि बेतण्याचा भार आपल्यावर पडला. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आली, तरी शिंप्याच्या गळ्यातली फीत अजून इंचांचीच भाषा बोलते. दुकानात मीटर, शिंप्याकडे इंच आणि साडीच्या नावात अजून वार. घराबाहेरच्या प्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना आणखी एक अडचण भाषेची. आपण ज्याला पन्हा म्हणतो त्याला बडोद्याचा दुकानदार 'पनो' म्हणतो आणि इंदूर-ग्वाल्हेरकडे 'अर्ज' हा शब्द कानी पडतो. शब्द कोणताही असो, किमतीच्या आधी तो विचारावा, हे महत्त्वाचे.

इंचांचे मीटर करण्याची सोपी युक्ती अशी: इंचांना अडीचने गुणावे, म्हणजे सेंटिमीटर येतील, मग प्रत्येक मीटरमागे दोन सेंटिमीटर वाढवावे. ८४ इंचांचे २१० होतात, त्यात चार मिळवले की २१४. अचूक उत्तर २१३ च्या किंचित पुढे आहे, तेव्हा या युक्तीने कापड कधी कमी पडत नाही.

पन्ह्याची करामत

बाजारात साधे पॉपलीन आणि ब्लाऊजची रुबिया बहुधा ३६ इंची, पुष्कळसे सुती व छापील कापड ४४ इंची, आणि पँटचे किंवा जाड कापड ५४ ते ६० इंची मिळते. हातमागाच्या कापडाचा मात्र भरवसा धरू नये, ते मोजूनच पाहावे.

आता तोच झब्बा घेऊ. माया आणि दुमड धरून पाठीचा व पोटाचा तुकडा प्रत्येकी २५ इंच रुंद व ४२ इंच लांब, आणि बाही १६ इंच रुंद व २३ इंच लांब.

३६ इंची पन्ह्यात पाठीशेजारी पोट मावत नाही, म्हणून एकाखाली एक दोन लांब्या, म्हणजे ८४ इंच. कडेला ११ इंचांची पट्टी उरते, तीत बाही मावत नाही. म्हणून खाली आणखी २४ इंच घेऊन तिथे दोन्ही बाह्या शेजारी-शेजारी. एकूण १०८ इंच, म्हणजे पावणेतीन मीटर.

४४ इंची पन्ह्यातही पाठीशेजारी पोट मावत नाही. पण कडेला आता १९ इंच उरतात आणि त्यांत दोन्ही बाह्या निघतात. एकूण ८४ इंच, म्हणजे २ मीटर १५ सेंटिमीटर. शिंप्याचे सव्वादोन मीटर इथले होते.

५४ इंची पन्ह्यात पाठ आणि पोट शेजारी बसतात. ४२ इंचांत ते संपते, बाह्यांना आणखी २४. एकूण ६६ इंच, म्हणजे पावणेदोन मीटरांत काम होते.

एकच झब्बा, एकच अंग. आणि कापड पावणेतीनपासून पावणेदोनपर्यंत! म्हणून मोठ्या पन्ह्याचे कापड मीटरला महाग दिसले तरी वस्त्राला स्वस्त पडू शकते. भाव मीटरचा न पाहता वस्त्राचा पाहावा.

पुष्कळजणी इथे त्रैराशिक मांडतात: जुनी लांबी गुणिले जुना पन्हा, भागिले नवा पन्हा. अंदाजाला ते ठीक आहे. पण ४४ इंची पन्ह्याला या रीतीने ८८ इंच येतात आणि ५४ ला ७२. दोन्ही ठिकाणी कापड अधिक निघाले. दुसऱ्या वस्त्राला याच रीतीने ते कमीही निघेल. कारण कापड हे पाणी नव्हे. ते भांड्याच्या आकाराप्रमाणे पसरत नाही. २५ इंचांचा तुकडा २४ इंचांच्या जागेत मावत नाही तो नाहीच.

काठ, कळ्या आणि छाप

सहा वर्षांच्या मुलीचे परकर-पोलके घेऊ. उंची २६ इंच, वर नेफा, खाली दुमड आणि पुढच्या वर्षी सोडायच्या चुण्या धरून ३० इंच. ४४ इंची साध्या कापडाच्या दोन लांब्या घेतल्या की ६० इंचांत ८८ इंचांचा घेर मिळतो. पोलक्याला आणखी १४ इंच. एकूण ७४ इंच, म्हणजे १ मीटर ९० सेंटिमीटर.

पण कापड काठाचे असेल तर? काठ ताग्याच्या लांबीबरोबर धावतो. वरच्या हिशेबाने कापले तर काठ घेराला न येता बाजूला उभा येईल. म्हणून काठाचे कापड आडवे वळवावे लागते; पन्हा ही परकराची उंची होते आणि लांबी हा घेर होतो. ८८ इंचांच्या घेराला ८८ इंच, म्हणजे सव्वादोन मीटर कापड हवे. आकडा वाढला, परंतु हानी झाली नाही. ४४ पैकी ३० इंच परकराला गेले की वर १४ इंचांची लांबलचक पट्टी उरते, तिच्या कडेला दुसरा काठ असतो. त्या पट्टीतून सबंध पोलके निघते आणि बाहीला काठही मिळतो. हे ठाऊक नसलेली आई परकराचे सव्वादोन आणि पोलक्याचे अर्धा मीटर असे वेगवेगळे मागून मोकळी होते.

साडीखालच्या परकराची गोष्ट निराळी. ३६ इंची पॉपलीनच्या ४१ इंचांच्या दोन लांब्या घेतल्या तर ८२ इंच, म्हणजे २ मीटर १० सेंटिमीटर लागतात, आणि वर-खाली सारखाच ७२ इंचांचा घेर येतो. कमरेला चुण्यांचा गठ्ठा, पायाशी चाल अडखळणारी. तीच प्रत्येक लांबी तिरपी कापून एका टोकाला १२ आणि दुसऱ्या टोकाला २४ इंचांच्या दोन कळ्या पाडाव्यात, एक कळी उलटी फिरवावी आणि चारही जोडाव्यात. कमरेला ४८ इंच, पायाशी ९६. कापड तितकेच, शिवण वजा गेली तरी चाल मोकळी आणि कमर सुटसुटीत.

मात्र कळी उलटी फिरवायची तर कापडाला वर-खाली असता कामा नये. देठ खाली असलेली फुले, मोर, कुयऱ्या एकाच दिशेने छापल्या असतील तर निम्म्या कळ्यांत मोर डोक्यावर उभे राहतील. मखमलीची लवही एकाच दिशेला असते. उलट्या तुकड्याचा रंग वेगळा भासतो. अशा कापडाला तुकडे फिरवून बसवण्याची सोय नसल्यामुळे ते अधिक घ्यावे लागते.

मोठ्या चौकडीचे किंवा मोठ्या छापाचे कापड असेल तर एक नक्षी कुठे सुरू होऊन पुन्हा कुठे येते ते अंतर दुकानातच मोजावे. समजा, १२० सेंटिमीटर रुंद खिडकीला दुप्पट घेराचा पडदा करायचा आहे आणि पन्हाही १२० आहे. तर दोन पन्हे लागतील. उंची १५० अधिक वरची-खालची दुमड २५, असे १७५. दोन लांब्यांचे साडेतीन मीटर. परंतु नक्षी दर ६० सेंटिमीटरांनी येत असेल तर दोन्ही पन्ह्यांवर फुलाला फूल जुळण्यासाठी प्रत्येक लांबी ६० च्या पटीत, म्हणजे १८० धरावी. ३ मीटर ६० सेंटिमीटर. दहा सेंटिमीटरांसाठी कंजूषी केली, तर रोज डोळ्यांसमोर मोडलेली वेल दिसत राहते.

गळ्याला-बाहीला गोट लावायचा तर पट्टी उरेब, म्हणजे तिरपी, कापावी लागते. त्यासाठी वेगळे अर्धा मीटर कापड घेण्याची मुळीच गरज नाही. १८ इंची चौकोनी तुकड्यातून दीड इंच रुंदीच्या तिरप्या पट्ट्या काढून जोडल्या तर सुमारे २०० इंच गोट निघतो. तेवढा चौकोन बहुधा कातरणातच सापडतो. म्हणून शिंप्याकडून कातरण मागून घ्यायला लाजू नये. ते आपलेच कापड आहे.

पाण्याचा वाटा

सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. गिरणीतच आटवून आलेले कापड फारसे दगा देत नाही. हातमागाचे कोरे कापड मात्र मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर आटले तर नवल नाही. खात्री करून घ्यायची असेल तर मोठ्या खरेदीपूर्वी छोटा तुकडा आणावा, त्यावर दहा इंचांचा चौकोन आखून धुवावा, वाळवावा आणि मोजावा. साडेनऊ भरला तर शंभराला पाच गेले. ८४ इंचांच्या जागी ८९ घ्यावेत. आणि घेतलेले कापड बेतण्याआधी रात्रभर पाण्यात ठेवावे. आटायचे ते तागा असतानाच आटू द्यावे, झब्बा झाल्यावर नव्हे.

जमिनीवरचा बेत

एवढे आकडे वाचून एखादी भगिनी म्हणेल, हे लक्षात कोण ठेवणार? ठेवूच नयेत. आकडे प्रत्येक अंगाला बदलतात. लक्षात ठेवायची ती रीत, आणि ती कागद-कात्रीने साधते.

ज्या मापाचे वस्त्र हवे तसे अंगाला नीट बसणारे जुने वस्त्र घ्यावे. जुन्या वर्तमानपत्रांवर त्याची पाठ, पोट, बाही, गळपट्टी मांडून भोवती माया सोडून आखावे आणि कापावे. जे तुकडे दोन लागतात ते कागदाचेही दोनच कापावेत. 'दुसरी बाही अशीच' असे मनात धरून चालले की हिशेब फसतो. प्रत्येक कागदावर उभ्या धाग्याची दिशा बाणाने दाखवावी.

मग फरशीवर खडूने पन्ह्याइतक्या अंतरावर दोन समांतर रेघा ओढाव्यात. ही झाली कापडाची नदी. तिच्यात मोठे तुकडे आधी, लहान नंतर, असे सर्व कागद बसवावेत. सर्व बाण रेघांना समांतर हवेत. घडी घालून कापायचे असेल तर अर्ध्या पन्ह्याची नदी आखावी. कागद सरकवता-सरकवता काय होते ते पाहण्यासारखे असते. बाही उलटी ठेवली की मुंढ्याच्या खाचेत गळपट्टी बसते, खिसा पाठीच्या कडेला सरकतो, आणि पहिल्या मांडणीपेक्षा वीतभर जागा वाचते. शेवटी पहिल्या कागदाच्या डोक्यापासून शेवटच्याच्या पायापर्यंत लांबी मोजावी. हाच आपला आकडा. कापड पसंत पडण्याआधी ३६, ४४ आणि ५४ अशा तिन्ही पन्ह्यांचे आकडे काढून चिठ्ठीवर लिहून ठेवावेत, म्हणजे दुकानात रंग पाहून निर्णय घेता येतो.

या आकड्यात तीन गोष्टी मिळवाव्यात. आटण्याचे जे असेल ते. तिरप्या कापासाठी पाच सेंटिमीटर, कारण दुकानातली कात्री पुष्कळदा आडव्या धाग्याबरोबर चालत नाही आणि कापड सरळ करताना दोन्ही टोके छाटावी लागतात. आणि एक-दिशी छाप वा चौकडी असेल तर प्रत्येक मोठ्या तुकड्यामागे एका नक्षीचे अंतर. त्याहून अधिक घेऊ नये. 'असू द्यावे थोडे जास्त' म्हणून घेतलेले कापड कपाटाच्या तळाशी जाऊन बसते. बाहीला पुरत नाही आणि टाकवतही नाही.

आता कापड घरबसल्या मागवण्याचीही सोय झाली आहे. तिथे तर ही चिठ्ठी अधिकच हवी; वर्णनातला पन्हा वाचल्याशिवाय मागणी नोंदवू नये. कापलेले कापड परत घेण्यास दुकानदार सहसा राजी नसतो, मग ते समोरच्या काउंटरवर घेतलेले असो वा दूर कुठून आलेले असो.

दुकानात मापाकडेही लक्ष असावे. कापड ताणून मोजले तर घरी येऊन ते आपल्या मूळ लांबीवर परतते. ते सैल, सपाट ठेवून मोजायला सांगावे. जास्त कापड लागणार असेल, तर सर्व एकाच ताग्यातून घ्यावे, कारण दुसऱ्या ताग्याचा रंग दिव्याखाली तोच वाटला तरी उन्हात वेगळा दिसतो.

माया

शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला आपल्या भाषेत माया म्हणतात. बडोद्यात १९१४ साली महाराणी चिमणाबाईंनी स्त्री उद्योगालय काढले, तेव्हापासून या शहरातल्या अनेक बायकांच्या हाताला शिवणाने काम दिले. शिवण हे मिळकतीचे साधन असलेल्या घरांत मायेचे मोल फार. मोठ्यांच्या वस्त्राला कुशीत इंचभर पुरे; मुलांच्या वस्त्राला दीड इंच आणि परकराला चुण्या. त्या दर वर्षी एकेक सोडत गेले की दोन-तीन दिवाळ्या एकच परकर पुरतो. कापड विकत घेताना ही माया हिशेबात धरावी. ती न धरणारी आकडेमोड कागदावर बिनचूक असते, परंतु मूल वाढते हे ती विसरते.

मामंजी गेल्यावर तो टसरचा झब्बा सासूबाईंनी ट्रंकेत जपून ठेवला होता. घरात पणतू आला तेव्हा तो त्यांनी स्वतः काढून माझ्या हाती दिला आणि म्हणाल्या, "याचं झबलं होईल का गं?" कापड आता नव्याने मिळणार नव्हते. एकदा कात्री लागली की लागली. मी घाई केली नाही. जमिनीवर झब्ब्याच्या पाठीएवढी चौकट आखली, कागदाचे झबले कापले, मांडले, फिरवून पाहिले. पाठीतून झबले निघाले आणि पोटातून कुंची. बाह्या शिल्लक राहिल्या, जोडासकट. त्या जोडावर कात्री चालवण्याचे माझ्या जिवावर आले. सासूबाईंनी त्या पाहिल्या, उभ्या शिवणीवरून बोट फिरवले आणि घडी करून पुन्हा ट्रंकेत ठेवल्या.